जुन्या कोडचा सातबारा

रोहिणखेडच्या आमच्या घरात लोखंडी पेटीच्या तळाशी सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यांची एक पिशवी आहे. त्यातल्या एका उताऱ्यावर पणजोबांचं नाव कंसात आहे. खोडलेलं नाही, कंसात आहे. त्याखाली आजोबांचं आणि त्यांच्या भावांचं नाव, आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक. तो क्रमांक घेऊन गाव नमुना सहा, म्हणजे फेरफारांची नोंदवही उघडली की नाव का बदललं, कशाच्या आधारावर बदललं, नोंद कुणी प्रमाणित केली, हे सगळं सापडतं.

जमिनीच्या बाबतीत ही शिस्त आपल्या अंगवळणी पडलेली असते. वहिवाट चाळीस वर्षांची असली तरी कागद कुणाच्या नावावर आहे हे आपण आधी पाहतो. कोडच्या बाबतीत मात्र तसं होत नाही. नेटवर मिळालं, उतरवून घेतलं, चाललं, की ते सगळ्यांचंच आहे असं आपण धरून चालतो. मीही तसंच धरून चालत होतो.

गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी काही वर्षांपूर्वी रोहिणखेडचा इतिहास टाइप करून ठेवला होता. मोताळा तालुक्यातलं आमचं गाव आज लहान दिसत असलं तरी इथे दोन मोठ्या लढाया झाल्या. १४३७ साली खानदेशच्या नसीरखानाचा बहमनी सरदार खलफ हसनने इथेच पराभव केला, आणि १६व्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीच्या गादीसाठी बुरहान आणि जमालखान यांच्या फौजा इथेच भिडल्या. गावातली दगडी मशीद खुदावंदखानाने १५८२ साली बांधली. गुरुजींनी हे सगळं कष्टाने जमवलं होतं, पण टाइप केलं होतं जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये. त्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. मूळ फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची रांगोळी दिसते.

शोधता शोधता असा मजकूर युनिकोडमध्ये आणणारा एक छोटा प्रोग्राम सापडला. एकूण चार फाइली. त्याचं काम पाहून मी थक्क झालो. जुन्या फॉन्टात ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफार नंतर टाइप करायचा, तो साठवताना आधी यावा लागतो. ‘कीर्तन’, ‘स्थिती’ असे शब्द या अदलाबदलीत हमखास मोडतात. या प्रोग्राममध्ये ते मोडले नाहीत. गुरुजींचा मजकूर अर्ध्या तासात वाचता येऊ लागला.

मग वाटलं, आपल्यासारखी अडचण शेकडो गावांत असेल. पतसंस्थांचे अहवाल, वाचनालयांच्या याद्या, संमेलनांच्या स्मरणिका, सगळं याच अवस्थेत पडून आहे. हा प्रोग्राम थोडा दुरुस्त करून सर्वांसाठी ठेवावा. म्हणून फाइलींची सुरुवात नीट वाचली. मुख्य फाइलीत टिप्पणीच्या तीन ओळी होत्या. पहिलीत एक टोपणनाव आणि साल, २००३. दुसरीत ‘रिलीज्ड अंडर जीपीएल’, म्हणजे खुल्या कोडच्या एका प्रसिद्ध लायसन्सखाली. तिसरीत ‘फॉर नॉन-कमर्शियल यूज ओन्ली’. इतर दोन फाइलींत फक्त जीपीएल. चौथीत काहीच नाही.

१५८२ साली मशीद कुणी बांधली हे आम्हाला सांगता येतं, आणि २००३ सालचा प्रोग्राम कुणी लिहिला, त्याने आम्हाला काय करायला परवानगी दिली, हे सांगता येत नाही, याचं मला फार वाईट वाटलं. पुढचे तीन महिने मी हे कोडं सोडवत होतो. त्यात जे शिकलो ते इथे मांडतो. प्रश्न मोठ्या पैशाचा किंवा कंपनीच्या उत्पादनाचा असेल तर वकिलाला विचाराच. पण निम्मं काम वकिलाकडे जाण्याआधीचं आहे, आणि ते कुणालाही करता येतं.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर करायला हवा. सूचना नाही म्हणजे मोकळीक, असं नसतं. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. कवितेवर कवीचा हक्क असतो तसा कोडवर लिहिणाऱ्याचा, आणि तो लिहिल्या क्षणापासून. नोंदणीची अट नाही. तो हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. २००३ साली पंचविशीत असलेल्या माणसाचं कोड त्यामुळे बाविसाव्या शतकातही कुणाच्या तरी मालकीचं असू शकतं. माझी चौथी फाइल, जिच्यावर एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं, ती सगळ्यांत मोकळी दिसत होती. कायद्याने तीच सगळ्यांत बंद होती.

संदिग्धता बहुतेक वेळा लेखकाच्या घाईतून येते. त्याला कोड द्यायचं असतं, लायसन्सचा मजकूर चिकटवायचा कंटाळा येतो, आणि तो एक शब्द लिहून मोकळा होतो. ‘जीपीएल’ हा त्यातला सर्वांत जास्त भेटणारा शब्द. जीपीएलच्या तीन आवृत्त्या आहेत: १९८९, १९९१ आणि २००७ सालच्या. यातली कोणती? इथे खुद्द लायसन्सनेच मदत केली आहे. दुसऱ्या आवृत्तीच्या नवव्या कलमात म्हटलं आहे की प्रोग्राममध्ये आवृत्तीचा क्रमांक दिलेला नसेल तर घेणाऱ्याने प्रसिद्ध झालेली कोणतीही आवृत्ती निवडावी. म्हणजे नुसतं ‘जीपीएल’ लिहिलेलं वाटतं तितकं अडचणीचं नाही. खरी अडचण ‘जीपीएल २’ असं लिहिलेलं असतं तेव्हा येते. फक्त दुसरी, की दुसरी किंवा त्यानंतरची? या अर्ध्या वाक्यावर बरंच काही अवलंबून असतं. अपाचे २.० लायसन्सचं कोड जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर एकत्र करता येतं, दुसरीबरोबर नाही, असं जीपीएल काढणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचंच मत आहे. म्हणून २०१७ साली लायसन्सांच्या नावांची प्रमाण यादी ठेवणाऱ्या एसपीडीएक्स प्रकल्पाने ‘जीपीएल-२.०’ हे मोघम नाव बाद ठरवलं आणि त्याऐवजी ‘ओन्ली’ आणि ‘ऑर-लेटर’ अशी दोन वेगळी नावं केली.

‘बीएसडी लायसन्स’ एवढंच लिहिलेलं असेल तर विचारायचं, किती कलमांचं? बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या जुन्या मजकुरात एक कलम असं होतं की या सॉफ्टवेअरचा उल्लेख करणाऱ्या प्रत्येक जाहिरातीत विद्यापीठाचं नाव द्यावं. विद्यापीठाने ते २२ जुलै १९९९ रोजी मागे घेतलं. इथे बरेच जण फसतात. विद्यापीठाने मागे घेतलं ते विद्यापीठाच्या मालकीच्या कोडपुरतं. तोच मजकूर उचलून त्यात स्वतःचं नाव घालणाऱ्या इतर लेखकांच्या फाइलींत ते कलम आजही जिवंत आहे. नाव कुणाचं आहे हे वाचल्याशिवाय ते कलम गेलं असं मानू नका.

‘पब्लिक डोमेन’ हे शब्दही सरळ नाहीत. आपल्या कायद्याच्या कलम २१ नुसार लेखकाला आपला हक्क सोडता येतो, पण त्यासाठी निबंधकाला ठरावीक नमुन्यात कळवावं लागतं किंवा जाहीर सूचना द्यावी लागते. कोडच्या कोपऱ्यात लिहिलेले दोन शब्द ही जाहीर सूचना होते का, यावर वाद घालण्यापेक्षा लेखकाला सीसी-झीरो किंवा एमआयटीसारखा तयार मजकूर निवडायला सांगणं चांगलं.

आणि सगळे शब्द जागेवर असूनही अर्थ दोन निघू शकतात, याचं उदाहरण म्हणजे पाइन. ईमेल वाचण्याचा हा प्रोग्राम वॉशिंग्टन विद्यापीठाचा. वापरणं, प्रती काढणं, बदल करणं आणि वाटणं, या सगळ्याला परवानगी, असं त्याच्या जुन्या सूचनेत लिहिलेलं होतं. लोकांनी बदल केले आणि बदललेल्या प्रती वाटायला सुरुवात केली. विद्यापीठाचं म्हणणं पडलं की बदल करायला परवानगी आहे आणि वाटायलाही आहे, पण बदललेलं वाटायला नाही. वाक्य तेच, वाचणारे दोन. अखेर २००६ साली विद्यापीठाने त्याचा पुढचा अवतार अल्पाइन या नावाने अपाचे लायसन्सखाली आणला, तेव्हा प्रश्न मिटला. संदिग्ध सूचनेचा आपल्याला सोयीचा अर्थ लावून काम सुरू करू नये, हे मी यातून घेतलं. लिहिणाऱ्याच्या मनातला अर्थ वेगळा असू शकतो, आणि तो तुमच्याशी सहमत असेलच असं नाही.

मराठीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं उदाहरण पुण्यातलं आहे. लोहित हे फॉन्ट तुम्ही नाव न जाणताही वाचले असतील. लिनक्सवर वर्षानुवर्षं देवनागरी दिसत आली ती बऱ्याच अंशी लोहितमध्ये. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने, म्हणजे श्रीलिपीवाल्यांनी, ते पुरवले आणि रेड हॅट या लिनक्स कंपनीने ते जीपीएलखाली खुले केले. पण जीपीएल लिहिलं गेलं प्रोग्रामसाठी. फॉन्ट पीडीएफमध्ये जडवला जातो, मग ते पीडीएफही जीपीएलखाली येतं का? हा प्रश्न जीपीएलमधल्या सगळ्याच फॉन्टांना चिकटलेला होता, इतका की फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने फॉन्टसाठी खास अपवादाचं कलम सुचवलं. सप्टेंबर २०११ मध्ये लोहित फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आणले गेले. त्या लायसन्समध्ये स्पष्ट लिहिलं आहे की फॉन्ट वापरून तयार केलेल्या दस्तऐवजाला फॉन्टच्या अटी लागू होत नाहीत. पुस्तक छापणाऱ्या, सरकारी अर्ज तयार करणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावरचं ओझं यामुळे उतरलं. मराठीसाठी झालेलं हे फार मोलाचं काम आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आता व्यवहाराचा भाग. तुमच्या जुन्या संगणकावरची लोहितची प्रत २०११च्या आधीची असेल तर तिच्यासोबत जुन्याच अटी आलेल्या आहेत. नव्या अटी हव्या असतील तर नवी प्रत घ्या. फॉन्टची सूचना फक्त सोबतच्या फाइलीत नसते, फॉन्टच्या पोटातही असते. फॉन्टफोर्ज या फॉन्ट संपादकात फॉन्ट उघडा, एलिमेंट, फॉन्ट इन्फो, टीटीएफ नेम्स या क्रमाने जा. तिथे कॉपीराइट, लायसन्स आणि लायसन्सचा पत्ता असे वेगळे रकाने दिसतील. सोबतची फाइल एक सांगते आणि पोटातला रकाना दुसरंच, असे फॉन्ट मी पाहिले आहेत. दोन्हींची नोंद करून ठेवा. कोणतं खरं हे तुम्ही ठरवू नका.

तर सुरुवात कशी करायची? आधी मिळालेली प्रत जशीच्या तशी बाजूला ठेवा, एक अक्षरही न बदलता. कुठून मिळाली, कोणत्या तारखेला, हे लिहा. मग पुरावे गोळा करा. एकच प्रत पाहून थांबू नका. त्याच प्रोग्रामची आधीची आणि नंतरची आवृत्ती शोधा, कारण एका आवृत्तीत विसरलेलं वाक्य दुसरीत असतं. इंटरनेट अर्काइव्हवर लेखकाचं जुनं पान सापडू शकतं. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेने २०१६ साली सुरू केलेलं सॉफ्टवेअर हेरिटेज हे कोडचं जगातलं मोठं भांडार आहे, तिथे पाहा. प्रोग्राम कधी काळी डेबियन या लिनक्स वितरणात गेला असेल तर नशीब उघडलं समजा. तिथले स्वयंसेवक प्रत्येक पॅकेजसोबत कॉपीराइट नावाची फाइल ठेवतात, आणि कित्येकदा लेखकाशी झालेला पत्रव्यवहारही त्यात असतो. फाइली शेकड्यांनी असतील तर स्कॅनकोड किंवा फॉसॉलॉजी ही मोफत साधनं सगळ्या सूचना गोळा करून देतात. अर्थ मात्र तुम्हालाच वाचावा लागतो.

प्रकल्प गिटमध्ये, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या प्रणालीत, असेल तर गिट लॉग ही तुमची फेरफार नोंदवही. लायसन्सची फाइल केव्हा आली, कुणी बदलली, बदलताना काय लिहिलं, तिथे दिसतं. कोणती ओळ कुणाची, हे गिट ब्लेम सांगतं. यातून एक यादी तयार करा: कुणाकुणाला विचारायचं आहे. इथे एक गोष्ट विसरू नका. लिहिणारा आणि मालक एकच असतील असं नाही. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडवर पहिला हक्क कायद्याने मालकाचा, म्हणजे कंपनीचा असतो; वेगळा करार असेल तर गोष्ट वेगळी. लेखकाने मनापासून ‘घ्या’ म्हटलं तरी ते त्याचं नसेल तर उपयोग नाही.

मग पत्र. फोन करू नका. केलाच तर ओळख करून घेण्यापुरता करा, कारण आपल्या कायद्यानुसार लायसन्स लेखी द्यावं लागतं. मी पाठवलेलं पत्र असं होतं:

‘नमस्कार. आपण २००३ साली लिहिलेला फॉन्ट बदलण्याचा प्रोग्राम मला मिळाला. त्यामुळे आमच्या गावाचा टाइप केलेला इतिहास पुन्हा वाचता आला, त्याबद्दल मनापासून आभार. प्रोग्रामच्या तीन फाइलींत जीपीएलचा उल्लेख आहे, पण आवृत्ती दिलेली नाही. मुख्य फाइलीत व्यापारी वापराला मनाई करणारी ओळ आहे, आणि चौथ्या फाइलीत कोणतीच सूचना नाही. या गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून आपला हेतू आपल्याकडूनच समजून घ्यायचा आहे. या चारही फाइली आपण स्वतः, नोकरीच्या कामाबाहेर लिहिल्या का? त्या जीपीएल आवृत्ती २ किंवा त्यानंतरची कोणतीही आवृत्ती, या अटींवर सर्वांना कायमच्या आणि जगभर वापरता येतील, आणि व्यापारी वापराची ओळ लागू नाही, असं आपण मान्य करता का? दुसरं लायसन्स योग्य वाटत असेल तर त्याचं नाव कळवावं. मूळ फाइली सोबत जोडल्या आहेत. आपलं उत्तर आपल्या नावासह, पण ईमेल आणि पत्ता वगळून, प्रोग्रामसोबत ठेवायला परवानगी द्यावी.’

यातला जवळजवळ प्रत्येक शब्द अडखळत शिकलेला आहे. पहिल्या मसुद्यात मी ‘आपली हरकत नाही ना?’ असं विचारलं होतं. त्यावर ‘नाही’ असं उत्तर आलं असतं तर ते होकार की नकार, हेच कळलं नसतं. ‘कायमच्या आणि जगभर’ हे शब्द तर मुद्दाम घातले. आपल्या कायद्यात हक्कांच्या लेखी व्यवहारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता, असं गृहीत धरण्याची तरतूद आहे, आणि ती लायसन्सलाही लावली आहे. अपाचे २.० च्या मजकुरात हे दोन्ही शब्द मुळातच आहेत. घरगुती सूचनांत ते जवळजवळ कधीच नसतात. मूळ फाइली जोडल्या, कारण वीस वर्षांपूर्वीचं आपलं कोड लेखकाच्या डोळ्यांसमोर नसतं. आणि आभार आधी मानले, कारण ते खरे होते. या लोकांनी रात्री जागून, एक पैसा न घेता मराठीसाठी साधनं तयार केली. त्यांना येणारं वीस वर्षांतलं पहिलं पत्र नोटिशीसारखं वाटू नये.

पत्ता शोधणं हे वेगळंच काम. २००३ सालचे ईमेल बहुतेक कॉलेजचे किंवा बंद पडलेल्या सेवांचे असतात. टोपणनावावरून त्याच माणसाचं दुसरं कोड शोधा, त्यात कधी खरं नाव सापडतं. सापडलं तरी सर्वांसमोर त्याला जाब विचारू नका, खासगी पत्रानेच गाठा.

उत्तर येत नाही तेव्हा काय करायचं, हे लोक मला सर्वांत जास्त विचारतात. इथे सातबाऱ्याची उपमा सोडावी लागते. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात, कुणी हरकत घेतली नाही तर नोंद प्रमाणित होते. कॉपीराइटमध्ये असं काही नाही. तुम्ही लिहिलंत की महिन्याभरात उत्तर नाही आलं तर होकार समजू, तरी मौनाचा होकार होत नाही. महिन्या-दीड महिन्याने पुन्हा एकदा लिहा, दुसरा मार्ग वापरून पाहा, आणि मग थांबा. लेखक सापडतच नसेल किंवा हयात नसेल तर कलम ३१-अ खाली सक्तीचं लायसन्स मागण्याची वाट कायद्यात आहे, पण ती लांबची आणि खर्चाची. दोनशे ओळींच्या प्रोग्रामसाठी तिकडे जाऊ नका. लेखक गेला असेल तर हक्क वारसांकडे जातो. त्यांना लिहाल तेव्हा आधी त्या माणसाच्या कामाबद्दल लिहा, लायसन्सचं नंतर. आपल्या वडिलांनी काय करून ठेवलं होतं हे कित्येक मुलांना अशा पत्रातूनच पहिल्यांदा कळतं.

चिकाटीची दाद द्यावी अशी एक हकिगत सांगतो. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८०च्या दशकात लिहिलेलं आरपीसीचं, म्हणजे एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्राकडून काम करून घेण्याचं, कोड लिनक्सच्या पायाभूत लायब्ररीत, जीलिबसीमध्ये, शिरलेलं होतं. त्याच्या सूचनेत आपल्या प्रोग्रामचा भाग म्हणूनच ते पुढे द्यावं अशा अर्थाची अट होती. मग ते खुलं की बंद? रेड हॅटच्या टॉम कॅलवे यांनी हे प्रकरण लावून धरलं. मध्येच सन कंपनी ओरॅकलने विकत घेतली, पुन्हा नव्या माणसांपासून सुरुवात. २०१० साली ओरॅकलने ते कोड तीन कलमी बीएसडीखाली आणायला संमती दिली. लेखक अनेक असतील तर कष्ट आणखी वाढतात. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरचा गाभा जीपीएलमधून एलजीपीएल या थोड्या सैल अटींच्या लायसन्समध्ये नेताना ज्याँ-बातिस्त केम्फ यांना एकेका लेखकाला गाठावं लागलं. ज्यांचा होकार मिळणार नाही त्यांचं कोड काढून पुन्हा लिहिणं, हा अशा वेळी एकच सरळ मार्ग असतो. पुन्हा लिहिताना जुनी फाइल समोर उघडी ठेवायची नाही. शक्य असेल तर जुनं कोड न पाहिलेल्या माणसाकडूनच लिहून घ्या.

होकार मिळाला की नोंद करायची, आणि इथे सातबाऱ्याची रीत पुन्हा कामाला येते. जुनी सूचना पुसू नका. ती होती तशी राहू द्या, खाली लेखकाचं स्पष्टीकरण, तारीख आणि उत्तर कुठे ठेवलं आहे ते लिहा. शिवाय प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर एसपीडीएक्सची एक ओळ घाला, म्हणजे यंत्रालाही लायसन्स वाचता येईल. लिनक्सच्या गाभ्यात २०१७ पासून हजारो फाइलींना ही ओळ लावली गेली. ग्रेग क्रोआ-हार्टमन, थॉमस ग्लायक्सनर आणि फिलिप ओम्ब्रेदान यांनी ते काम केलं. तिथेही शेकडो प्रकारे लिहिलेल्या जुन्या सूचना होत्या, ‘जीपीएल पाहा’ इतक्या त्रोटकसुद्धा.

माझ्या पत्राला नवव्या दिवशी उत्तर आलं. लेखक आता परदेशात असतात. तीन फाइली त्यांच्याच, कॉलेजात असताना सुट्टीत लिहिलेल्या. व्यापारी वापराच्या ओळीबद्दल त्यांनी लिहिलं की कुणीतरी सीडीवर घालून विकेल अशी तेव्हा धास्ती होती, आणि जीपीएलने विकायला बंदी होते असा चुकीचा समज होता. आता ती ओळ लागू नाही, आवृत्ती २ किंवा त्यानंतरची चालेल. मी ती ओळ कंसात घातली, खाली त्यांचं उत्तर आणि तारीख लिहिली.

चौथी फाइल, अक्षरांच्या कोष्टकाची, त्यांना एका मित्राने दिली होती आणि त्या मित्राशी आता संपर्क नाही. दोन पत्रं गेली, उत्तर नाही. ती फाइल मी प्रोग्राममधून काढून वेगळी ठेवली आहे. कोष्टक नव्याने करायला घेतलं आहे: फॉन्ट उघडायचा, एकेक खण पाहायचा, समोर कोणतं अक्षर दिसतं ते लिहायचं. गुरुजी रोज संध्याकाळी येऊन शेजारी बसतात आणि अर्धी अक्षरं ओळखून देतात. काल ‘ट’चा वर्ग संपला.